खड्याचं ऑपरेशन

जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून टाकायचा असेल, तर धाराशिवच्या माणसानं पुण्याला जावं. सोलापूरला चुकूनही जाऊ नये. सोलापूर जवळ आहे, डॉक्टर चांगले आहेत. पण तिथल्या कोणत्याही दवाखान्याच्या व्हरांड्यात पाच मिनिटं उभं राहिलं की निम्मा जिल्हा भेटतो. केसपेपर निघायच्या आत तुळजापूरची आत्या, नळदुर्गचा साडू आणि उमरग्याच्या व्याह्यांचा ड्रायव्हर येऊन विचारतात, "इकडं कसं काय?" मला नेमकं तेच कुणाला सांगायचं नव्हतं.

आमच्याकडं मूळव्याध सांगता येते. मुतखडा तर चारचौघांत मिरवता येतो. वजन कमी करायचं ऑपरेशन मात्र सांगता येत नाही. "उपाशी राहायला पैसे लागत्यात व्हय?" या एका वाक्यात गावानं हा विषय कायमचा निकालात काढलेला आहे. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणारी माणसं आमच्याकडं घरटी सापडतात. त्यांच्या देखत काही लाख रुपये मोजून जेवण कमी करून घेणारा माणूस म्हणजे आळशी तरी असणार, नाहीतर पैसा जास्त झालेला तरी.

माझी मार्केट यार्डात आडत आहे. घरचा काटा एकशेवीसला पोचला की हात टेकायचा आणि नुसत्या रेघा दाखवायचा. म्हणून एका दुपारी गर्दी कमी बघून मी यार्डातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा राहिलो. एक क्विंटल बत्तीस किलो. पोत्यांच्या थप्पीमागून हमालानं आकडा वाचला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मालक, कडता किती धरू?"

हे वजन मी एकट्यानं कमावलेलं नाही. त्यात जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी, उंडे आणि आंबील असते, आणि एका शेतातून उठून दुसऱ्या शेतात न जेवणं हा अपमान मानतात. लग्नात येसर आमटी असते. भूमकडं गेलं की कुंथलगिरीचा पेढा घेतल्याशिवाय गाडी वळत नाही. आणि उस्मानाबादी शेळी तर मटणासाठी देशभर नावाजलेली आहे. तिची संख्या वाढावी म्हणून सरकार योजना आखतं आणि ती आटोक्यात राहावी म्हणून आमच्यासारखे लोक झटतात.

पुण्याच्या सर्जननं उंची-वजनाचा हिशेब केला. बीएमआय सत्तेचाळीस निघाला. भारतीय माणसाच्या पोटावर चरबी लवकर साठते, म्हणून आपल्याकडं पंचविसापासूनच लठ्ठपणा धरतात. शिवाय मला मधुमेह होता, आणि झोपेत श्वास अडकत असल्याचं घोरण्याच्या तपासणीत सिद्ध झालेलं होतं. विम्याची अट अशी, की बीएमआय चाळीसच्या वर पाहिजे, किंवा पस्तीसच्या वर असून सोबत असा एखादा गंभीर आजार पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या कटऑफच्या एवढा वर होतो.

"यात लाजायचं काय?" डॉक्टर म्हणाले. "गडकरींनी २०११ मध्ये वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. जेटलींनी २०१४ मध्ये." खरं आहे. पण त्यांना आमच्या तेर गावच्या पारावर बसावं लागत नव्हतं. मला आठवला २०१७ सालचा मध्य प्रदेशातला तो पोलीस निरीक्षक. मुंबई महापालिकेच्या मतदानादिवशी कुणीतरी त्याचा फोटो ट्विटरवर टाकून चेष्टा केली आणि देशभर त्याचं पोट गाजलं. नंतर त्यानं मुंबईत येऊन ऑपरेशन करून घेतलं, तेही गाजलं. मला दोन्हीही नको होतं.

म्हणून मी घरी-दारी जाहीर केलं, की पित्ताशयात खडा आहे.

ही थाप मी विचार करून निवडली होती. दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, दोन्हींत पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पडतात, दोन्हींनंतर माणूस पथ्य पाळतो आणि बारीक दिसतो. पुरावा तंतोतंत जुळत होता. एकच गोष्ट ध्यानात घ्यायची राहिली. तेरच्या आमच्या तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं, हेच ऑपरेशन झालेलं आहे आणि त्यांचे खडे आजही कपाटात बाटलीत आहेत. पाहुणा आला की चहाआधी बाटली येते.

"तू काय बी काळजी करू नगंस," तात्यांचा फोन आला. "मी येतो पुण्याला. मला त्यातलं समदं म्हाईत हाय."

ऑपरेशनची तारीख येळवस झाल्यावरची घेतली होती. येळवस म्हणजे काय, हे पुण्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना समजावताना माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं, की त्यांनी आहाराचा तक्ता ताबडतोब पुढं सरकवला. आधीचे दोन आठवडे प्रोटीनची पावडर, ताक, सूप, एवढंच. हा छळ लिव्हरसाठी असतो. माझ्या मापाच्या माणसाचं लिव्हर चरबीनं फुगून जठरावर पसरलेलं असतं. ते आकसलं नाही तर सर्जनला खालचं जठर नीट दिसत नाही. तक्ता मी पाळला. "खड्याला एवढं कडक पथ्य?" असं आईनं विचारलं, तेव्हा "पुण्याचे डॉक्टर हायत" एवढं उत्तर पुरलं.

आदल्या संध्याकाळी भरती झालो. जंतुनाशक साबणानं अंघोळ झाली, पोटावरचे केस गेले, रक्त न गोठण्याचं इंजेक्शन पोटातच टोचलं गेलं. जाड माणसाच्या पायात ऑपरेशनच्या वेळी रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून ते. संमतीपत्रावर सर्जननं शांतपणे सगळं सांगितलं: टाके सुटून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी सही केली. त्या वेळी तात्या धाराशिव स्टेशनवर लातूर-मुंबई एक्स्प्रेसची वाट बघत होते.

मध्यरात्रीनंतर पाणीही बंद. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं, हे कारण कळल्यावर मी मुकाट झालो. पण पहाटेपासून जो भेटेल तो एकच विचारत होता. सिस्टर: "काही खाल्लं का?" रक्त घ्यायला आलेला पोरगा: "काही खाल्लं का?" भूलतज्ज्ञांचे सहायक: "काही खाल्लं नाही ना?" हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि त्यावर "नाही" म्हटलं की पुढं ताट येतं, असा माझा अनुभव. इथं "नाही" म्हटलं की लोक खूश होऊन निघून जात होते.

मग कपडे. दवाखान्याचा गाऊन मागून बांधायचा असतो. माझ्या बाबतीत गाऊनची दोन टोकं एकमेकांना भेटली नाहीत. मावशी दुसरा गाऊन घेऊन आल्या आणि तो उलट्या बाजूनं चढवून त्यांनी कसाबसा माझा अब्रूचा प्रश्न सोडवला. पुढचा क्रम घट्ट पायमोज्यांचा. पायातलं रक्त साठू नये म्हणून ते मांडीपर्यंत चढवतात. दोन सिस्टर दोन बाजूंनी लागल्या. बायको बाहेर जाऊन हसून आली. अंगठी लग्नापासून निघालेली नव्हती. साबण, मग दोरा गुंडाळायची युक्ती, आणि शेवटी मी ओरडल्यावर ती निघाली. अंगावर धातू ठेवून चालत नाही, कारण रक्त थांबवायला वीज वापरतात. देवीचं लॉकेट बायकोच्या पर्समध्ये गेलं. करदोटा कापायला लागला, तेव्हा कात्री हातात घेतलेले वॉर्डातले मामा थबकले.

"गाव कुठलं?"

"धाराशिव."

"धाराशिवात कुठं?"

मी डोळे मिटले. मामा वाशी तालुक्यातले निघाले. त्यांच्या मेव्हण्याचं सोयाबीन माझ्याच आडतीवर येतं.

"मालक, तुमी!" मामा हरखले. "आन् ह्ये कशाला करायलाव? चांगली तर तब्येत हाय!"

"मामा, हळू. गावात खडा सांगितलाय."

मामांनी ओठ मिटून मान डोलावली. त्याच क्षणी दारात तात्या उभे राहिले. डोक्याला मफलर, हातात पिशवी, पिशवीत तेरच्या संत गोरोबाकाकांचा अंगारा आणि, मला नंतर कळलं, त्यांच्या खड्याची बाटली. डॉक्टरांना नमुना दाखवावा, म्हणून आणली होती.

तात्यांना माझ्या तपासण्यांची यादी ऐकून नवल वाटलं. ईसीजी, इको, फुप्फुसांची तपासणी, दुर्बीण घालून जठराची पाहणी. "आमच्या गोरोबाकाकानं नुस्तं थापटणं हाणून वळखलं हुतं कोणचं मडकं कच्चं त्ये," ते म्हणाले. "खड्याला एवढ्या तपासण्या? मला तर सोनोग्राफीवरच घेतलं आत." मी छताकडं बघत राहिलो.

स्ट्रेचर निघालं. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तात्या, ढकलायला मामा. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हिरव्या टोपीतल्या सिस्टरनं फाईल उघडली. मनगटावरचा पट्टा तपासला.

"पूर्ण नाव सांगा."

सांगितलं.

"काही खाल्लं नाही ना?"

"नाही."

"ऑपरेशन कशाचं आहे?"

मी बायकोकडं पाहिलं. बायकोनं भिंतीकडं पाहिलं. तात्या कौतुकानं माझ्याकडं बघत होते.

"खड्याचं," मी म्हणालो.

सिस्टरचा पेन थांबला. "कशाचं?"

"पित्ताच्या खड्याचं."

त्यांनी फाईल मिटली आणि एकच शब्द उच्चारला. "थांबा."

इथं वाचकांसाठी एक माहिती, जी मला त्या वेळी नव्हती. चुकीच्या माणसाचं किंवा चुकीच्या अवयवाचं ऑपरेशन होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये एक तपासयादी तयार केली. भूल देण्याआधी रुग्णानं स्वतःच्या तोंडानं नाव, ऑपरेशन आणि संमती सांगायची, अशी तिची पहिलीच पायरी. रुग्णाचं बोलणं आणि कागद यांत फरक पडला, तर सगळं जिथल्या तिथं थांबतं. म्हणजे मी बोललेल्या दोन शब्दांनी एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, तयार ठेवलेलं टेबल आणि उघडायच्या बेतात असलेली महागडी स्टेपलर यंत्रं थांबवली होती.

वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी फाईल पाहिली, पट्टा पाहिला, मला पाहिलं. या मापाचा दुसरा रुग्ण मजल्यावर नाही, अशी साक्ष दिली. भूलतज्ज्ञ बाई बाहेर आल्या. मागोमाग सर्जन, मास्क गळ्यात.

"काल सही तुम्हीच केलीत ना?"

"व्हय."

"मग खडा कुठून आला?"

मामा पुटपुटले, "साहेब, त्ये गावात..." आणि माझ्याकडं बघून गप्प झाले.

"तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय मी आत नेणार नाही," सर्जन म्हणाले. ते रागावले नव्हते, हे जास्त वाईट.

तेव्हा मी, मांडीपर्यंत पायमोजे आणि उलटा गाऊन अशा अवस्थेत, व्हरांड्यातल्या इतर रुग्णांचे नातेवाईक कान देऊन ऐकत असताना, मोठ्यानं म्हणालो, "वजन कमी करायचं ऑपरेशन हाय. जठर कापून बारीक करायचंय. स्लीव्ह. माझं वजन लई वाढलंय आन् मला ते एकट्याला उतरवता येईना."

सिस्टरनं खूण केली. पेन परत चालू झाला.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं, पण मी देवीला नवस खड्याचा बोललोय. ह्याला लागू हुईल का त्यो?"

सर्जननं मास्क वर घेतला. डोळ्यांवरून ते हसत असावेत.

आत फार थंडी होती. टेबल अरुंद असतं. हात दोन्हीकडं पसरून पट्ट्यांनी बांधतात, कारण सर्जनला पुढं टेबल तिरकं करावं लागतं, आणि घसरलेल्या एकशेबत्तीस किलोंना धरणार कोण? अंगावर गरम हवा खेळवणारं पांघरूण आलं. बोटाला क्लिप, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. "दीर्घ श्वास घ्या. आता औषध देतेय." सुईतून पांढरंशुभ्र औषध आत येताना दिसलं. दूध, मी मनात म्हणालो. दुधाचा खवा. खव्याचा...

आयुष्यातली एवढी मोठी घटना मी झोपून काढली. जे झालं ते नंतर ऐकलेलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली. तोंडातून जठरात बोटाएवढी जाड नळी घातली आणि तिच्या कडेकडेनं स्टेपलर चालवत गेले. एका वेळी कापायचं आणि दोन्ही कडा पिनांनी शिवायच्या. जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग सुटा झाला, तो एका छिद्रातून बाहेर काढला. राहिली एक अरुंद पिशवी, शंभर-दीडशे मिलिलिटरची. गळती नाही ना, तेही तपासून झालं. सगळं मिळून तासाभराचं काम.

काढलेल्या भागात फक्त जागा जात नाही. भूक लागली म्हणून मेंदूला कळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. म्हणजे इतकी वर्षं "जिभेवर ताबा ठेव" म्हणणाऱ्या मंडळींना माझी भानगड जिभेच्या बरीच खाली आहे, हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आपल्याकडं काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवायची रीत आहे. बायकोला बोलावलं, ती "तात्या, तुम्हीच जा" म्हणाली. तात्या ट्रेवर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले आणि म्हणाले, "ह्यातून किती बोकडं गेली आसतील!" मग तो ऐवज तपासणीला प्रयोगशाळेत गेला.

जागा झालो तो तहानेनं. घसा नळीनं खरवडलेला, जीभ टाळूला चिकटलेली. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. खांद्याचं ऑपरेशन कधी केलं, असं मी विचारलं. पोटात भरलेला वायू पोट आणि छातीमधल्या पडद्याला टोचतो आणि ती कळ खांद्यात उमटते, असं सिस्टर म्हणाल्या. उपाय एकच, चालणं. म्हणून संध्याकाळीच मला उभं केलं. एका हाताला सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हाताला तात्या. मधूनमधून तीन गोळ्यांचं एक खेळणं श्वासानं ओढून फुप्फुसं उघडायची. दोन गोळ्या उचलल्या की तात्या शाबासकी द्यायचे. तिसरी त्यांनी स्वतः उचलून दाखवली.

पहिलं पाणी मिळालं तेव्हा सिस्टरनं औषधाचं छोटं माप पुढं केलं. तीस मिलिलिटर, आणि तेही अर्ध्या तासात घोट-घोट करत संपवायचं. येळवशीला आंबिलीची आख्खी कळशी तोंडाला लावलेला माणूस मी. दुसऱ्या घोटालाच छातीत काहीतरी भरल्यागत झालं आणि मी हात वर केला. माझ्या तोंडून "बास" हा शब्द ऐकून बायको खुर्चीतून उठून उभी राहिली. तिला वाटलं, काहीतरी बिघडलं.

आणि मग ज्या गोष्टीला भिऊन मी सोलापूर टाळलं, ती आली. हडपसर, वाघोली, भोसरी, चाकण. निम्मा धाराशिव जिल्हा आता पुण्यात राहतो, हे मी विसरलो होतो. भेटीच्या वेळेत खोली भरली. डबे उघडले. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि एका काकूंनी खड्यावर गुणकारी म्हणून आणलेलं कुळथाचं पाणी. ते मुतखड्याला देतात, असं दुसऱ्या काकू म्हणाल्या. वाद पेटला. वादात धपाटे संपले. मग चुलतभावानं तो प्रश्न विचारलाच.

"खडा केवढा निघाला? दाखव की."

खोलीत शांतता. मी गुंगीचं सोंग घेतलं. तात्यांनी घसा साफ केला.

"जे निघालं त्ये लॅबमध्ये तपासायला गेलंय," ते म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण लोकांचं समाधान झालं नाही, हे पाहून त्यांनी पिशवीत हात घातला आणि स्वतःची बाटली काढली. "ह्ये बघा. आसलेच. घराण्यातच हायत." बाटली हातोहात फिरली. सगळ्यांनी उजेडाला धरून पाहिली, हलवून वाजवली, आणि माझ्याकडं आदरानं पाहिलं.

पाहुणे गेल्यावर तात्या पलंगाशी बसले. "आरं, मला सांगितलं आसतंस तर काय बिघडलं आसतं?" थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "माझी बी शुगर तीनशेच्या वर जाती. माझं वजन बसंल का त्यात?"

घरी जाताना सर्जननं कागद समजावला. आधी पातळ, मग मऊ, मग सावकाश जेवण. घास चावून, पाणी जेवणासोबत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि रक्ततपासणी कायमच्या. जठर छोटं झालं तरी वजन परत चढू शकतं, कारण पातळ होऊन गोड कुठूनही आत शिरतं. पेढ्याचं नाव न घेता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शेवटी एका गोळीभोवती त्यांनी पेनानं गोल केला. "ही सहा महिने चुकवायची नाही."

"कशाची?"

"वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होतात. ते होऊ नयेत म्हणून."

तात्या इतके हसले, की मामा पळत आले. मला हसता येत नव्हतं. टाके ओढत होते.

ती गोळी मी आजतागायत एकदाही चुकवलेली नाही. शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, घोरणं थांबलं, गाऊनची टोकं आता बहुधा भेटतील. भीती एवढीच आहे, की उद्या खरोखर खडा झाला आणि मी पोट धरून गावात सांगायला गेलो, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? खडा तर तेव्हाच निघालाय. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलाय.